अलॉय व्हील बदलताना कंपनीचेच जुने नट चालतील का? (पिकअप, सहा स्टड)

कळंबेकर_शेती

सर्व सदस्यांना नमस्कार. माझ्याकडे टोयोटा हायलक्स असून तिच्यावर कंपनीची अठरा इंची अलॉय व्हील आहेत. आमची निम्मी शेती गगनबावडा तालुक्यात आहे. तिकडच्या खडकाळ पाणंदीसाठी टायरची भिंत उंच हवी, म्हणून सतरा इंची चाके बसवण्याचे मी ठरवले आहे. बाजारातील एक संच मला पसंत पडला. दुकानदाराने पीसीडी (स्टडच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) तपासला, तो ६ × १३९.७ (सहा भोके, १३९.७ मिमी) असा तंतोतंत जुळतो, आणि त्यामुळे आहेत तेच नट वापरता येतील असे त्याने सांगितले.

मला येथेच शंका आली. कंपनीच्या नटाला खाली दंडगोल मान आहे आणि मानेच्या वर सैल फिरणारा सपाट वॉशर आहे. नव्या चाकाची भोके मात्र आत उतरत जाणाऱ्या शंकूसारखी आहेत. हा नट तेथे नेमका कशावर टेकणार, हे मला उमगत नाही. नट बदलावे लागतील का, बदलायचे तर कोणत्या मापाचे घ्यावेत आणि ते किती आवळावेत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. याच गाडीतून घरची माणसे घाटातून प्रवास करतात, म्हणून अंदाजावर काम करण्याची माझी तयारी नाही.

उद्यमनगर_लेथ

कळंबेकर, आपली शंका अगदी बरोबर आहे. ते जुने नट नव्या चाकाला लावू नयेत. कारण थोडे सविस्तर सांगतो.

गाडीचा भार स्टडवर, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग) बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर, टांगलेला असतो अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबच्या तोंडावर घट्ट दाबले जाते. या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण निर्माण होते, तेच भार, ब्रेकचा जोर आणि वळणावरची ओढ पेलते. दाब अपुरा असेल तर चाक हबवर केसभर सरकू लागते, स्टडला आडवे हेलकावे बसतात आणि वाकून वाकून थकलेला स्टड एके दिवशी तुटतो. म्हणून नट ज्या जागी टेकतो त्या बैठकीचा आकार पीसीडीइतकाच महत्त्वाचा आहे.

बैठकी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली शंकूची, जिचा एकूण कोन बहुधा ६० अंश असतो आणि बाजारातील बहुतेक अलॉय व्हीलना हीच असते. दुसरी गोलाईची, जी होंडाच्या मूळ चाकांवर आणि अनेक जर्मन मोटारींच्या बोल्टवर दिसते. तिसरी सपाट, वॉशरसह, म्हणजे आपल्या हायलक्सच्या अलॉयची. सपाट वॉशरचा नट शंकूच्या भोकावर ठेवला तर वॉशर फक्त भोकाच्या वरच्या काठावर टेकतो. अॅल्युमिनियमची ती अरुंद कड दबत जाते आणि स्टडमधला ताण हळूहळू उतरतो.

याहून फसवा प्रकार नटाच्या मानेचा आहे. नव्या चाकाचा पाट (हबला टेकणारा सपाट भाग) त्या जागी मानेच्या लांबीपेक्षा पातळ असेल, तर मान थेट हबच्या तोंडाला जाऊन भिडते. पान्याला नट घट्ट लागतो, पण चाक दाबले गेलेलेच नसते.

शिरोली_नाका

पीसीडी जुळला म्हणजे चाक जुळले, हे वाक्य दुकानात ऐकू आले की ग्राहकाने तेथेच थांबावे. पीसीडी केवळ भोके कोठे आहेत एवढेच सांगतो.

पाटील_मालवाहतूक

वरील तात्त्विक विवेचन मान्य आहे, परंतु थोडी वेगळी बाजू मांडतो. आमच्या घरी तीन पिढ्या गाड्यांचा व्यवसाय आहे. रस्त्यावर रात्री-अपरात्री टायर बदलताना हाताला येईल तो नट लावून गाडी पुढे काढलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि त्या गाड्या मुक्कामी पोहोचल्याही. नट भरपूर आवळला आणि अधूनमधून पाना लावून पाहिला तर इतकी चिंता करण्याचे कारण नाही, असे मला वाटते. शंकूच्या भोकात सपाट नट बसत नसेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणीही भोक ड्रिलने सारखे करून देईल.

उद्यमनगर_लेथ

पाटील दादा, आपल्या अनुभवाचा आदर राखून दोन गोष्टी स्पष्टपणे सांगतो.

गाडी मुक्कामी पोहोचली एवढ्यावरून जोडणी योग्य होती असे ठरत नाही. धातूची थकावट पहिल्या फेरीत दिसत नाही. ती हजारो हेलकाव्यांनी साठत जाते आणि तुटायची वेळ बहुधा भरल्या गाडीत, उतारावर, ब्रेक लावताना येते. तुटलेल्या स्टडचे तोंड निरखून पाहा. समुद्रकाठच्या वाळूवर असाव्यात तशा एकामागून एक रेघा आणि शेवटी थोडासा खरखरीत भाग दिसला, तर तो स्टड पुष्कळ आधीपासून तुटत आला होता असे समजावे.

दुसरे म्हणजे ड्रिलचा उपाय. साध्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. त्याने केलेल्या खड्ड्यात ६० अंशांचा नट जेमतेम एका रेषेवर टेकेल. सपाट नटासाठी भोक सपाट करायचे म्हणजे बैठकीभोवतालचा तो धातू कापून टाकायचा, ज्याच्या जाडीवर चाक तयार करणाऱ्याने भाराचा हिशेब केलेला असतो. असे काम घेऊन आमच्याकडे माणसे येतात आणि आम्ही ते नाकारतो. या शहरात ओतकाम आणि यंत्रकाम जाणणारे हात पुष्कळ आहेत, पण कोणते काम करू नये हे सांगणे हादेखील त्याच कारागिरीचा भाग आहे.

कळंबेकर, आपल्याला एक सोपी परीक्षा सांगतो. नव्या नटाच्या शंकूला मार्किंग ब्लूचा (स्पर्शाची जागा दाखवणारा निळा रंग) अगदी पातळ हात द्यावा, चाक हबवर चढवून नट हाताने बसवावा, हलका आवळावा आणि काढून पाहावा. निळा रंग बैठकीवर सर्व बाजूंनी रुंद पट्ट्यात उमटला तर जोडी जुळली. नुसती बारीक कडी उमटली तर कोन चुकला आहे. परीक्षा झाल्यावर रंग पूर्ण पुसून टाकावा.

जुनी_जीप

आट्यांविषयी येथे अजून कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालतो. जुन्या महिंद्रा जीप आणि मारुती जिप्सी या दोन्हींचा पीसीडी ५ × १३९.७ असल्यामुळे त्यांच्या चाकांची अदलाबदल नेहमी होते. परंतु जिप्सीचा स्टड एम १२ × १.२५ (१२ मिमी व्यास, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) आहे, तर विलिस वंशाच्या जुन्या जीपचा अर्धा इंची, वीस आट्यांचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी आणि इंचाला वीस आटे म्हणजे दोन आट्यांतील अंतर १.२७ मिमी. अंतर जवळजवळ सारखे असल्याने जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर हाताने सुरेख फिरत जातो. व्यास मात्र ०.७ मिमीने सैल असतो, त्यामुळे आटे एकमेकांना केवळ टोकांनी धरतात आणि आवळताना किंवा पुढे कधीतरी सोलून निघतात.

नट सहज फिरला ही खूण त्यामुळे पुरेशी नाही. पिच गेजने अंतर आणि व्हर्नियरने व्यास, अशी दोन्ही मापे घ्यावीत. जुन्या जीपच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हेही नव्या मालकांनी लक्षात ठेवावे. सुलट समजून लांब पान्याने जोर लावल्याने चांगले स्टड मोडलेले मी पाहिले आहेत.

कळंबेकर_शेती

सर्वांचे आभार. आज मित्राच्या कारखान्यात मापे घेतली. स्टड एम १२ × १.५ आहे. हबचा मधला उंचवटा १०६ मिमीचा भरला आणि नव्या चाकाचे मधले भोक ११० मिमी आहे. चाकाच्या बैठकीचा कोन ६० अंशच आहे. आता प्रश्न असा की मधल्या भोकात जी चार मिलिमीटरची ढील राहते, तिच्यासाठी रिंग घालावी का?

शिरोली_नाका

शंकूचा नट चाकाला स्वतःच मध्यावर आणतो, म्हणून रिंग नसली तरी जोडणी धोक्याची होत नाही. तरीही रिंग घालावी असे माझे मत आहे. चाक चढवताना ते रिंगवर बसते, नट सरळ लागतात आणि नंतर स्टिअरिंगला थरथर येण्याची शक्यता कमी होते. ११० बाहेर, १०६.१ आत अशी मागणी करावी. भार मात्र रिंग पेलत नाही, तो वर सांगितल्याप्रमाणे दाबानेच पेलला जातो.

नटाचे आटे स्टडवर किती चढतात हेही मोजावे. स्टडच्या व्यासाइतकी पकड हवी, म्हणजे आपल्याकडे १२ मिमी. दीड मिमीच्या आट्यांना भागले तर आठ पूर्ण फेरे होतात. चाक हबला टेकलेले असताना हाताने नट फिरवत फेरे मोजा. आठच्या आत तो बैठकीला लागला तर स्टड त्या चाकासाठी तोकडा आहे.

ऊस_आणि_रस्ता

विषय पिकअपचा आहे, पण मोठ्या मालमोटारींमध्ये हाच गोंधळ अधिक गंभीर रूप घेतो, म्हणून लिहितो. आमच्या गाड्या हंगामात साखर कारखान्यांसाठी आणि एरवी महामार्गावर चालतात. १०.००-२० ट्यूबचे टायर काढून २९५/८० आर २२.५ ट्यूबलेस बसवण्याकडे आता बऱ्याच मालकांचा कल आहे आणि त्यांतील काही जण बाहेरच्या बाजूला अॅल्युमिनियमची चाके घेतात.

दहा स्टड आणि ३३५ मिमी पीसीडीची चाके दोन पद्धतींची असतात. एका पद्धतीत नटाची गोलाई किंवा शंकू चाकाला मध्यावर आणतो. दुसरीत हबवरील २८१ मिमीचा उंचवटा चाकाला मध्यावर धरतो आणि नट सपाट, फिरत्या वॉशरचा असतो. दोन्ही चाके दुरून सारखीच दिसतात आणि स्टडवर चढतातही. मात्र एका पद्धतीचा नट दुसऱ्या पद्धतीच्या चाकाला लावला, तर उद्यमनगरकरांनी सांगितलेला कडेवर टेकण्याचा प्रकार होतो आणि तोही कित्येक टनांच्या भाराखाली.

दुसरी बाब जाडीची. अॅल्युमिनियमच्या चाकाचा पाट लोखंडी चाकाच्या साधारण दुप्पट जाड असतो. मागे जोडचाके असतील तर आतले लोखंडी आणि बाहेरचे अॅल्युमिनियमचे, अशा दोन पाटांतून बाहेर येऊन नटाला पुरे आटे मिळतील इतका लांब स्टड लागतो, नाहीतर बाहीचे नट (ज्यांची आटेदार मान चाकाच्या भोकात शिरते असे) घ्यावे लागतात. एका परिचितांच्या गाडीला दुकानात जुन्याच स्टडवर नवी चाके चढवून दिली होती. नटाच्या तोंडाशी स्टड दिसतही नव्हता. कागलच्या पुढे मागची चाके डुगडुगू लागली तेव्हा चालकाने समयसूचकतेने गाडी बाजूला घेतली, म्हणून निभावले.

एम २२ × १.५ च्या सपाट नटांना साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर जोर लागतो. मीटरभर लांब पाइपच्या टोकावर साठ किलोचा माणूस उभा राहिला तर जेमतेम ५९० होतात. यावरून नुसत्या हाताच्या अंदाजाचा भरवसा का धरू नये, हे कळेल.

पाटील_मालवाहतूक

जोडचाकांविषयीचे म्हणणे मला पटले आणि स्टड तोकडा पडण्याचा धोका मी स्वतः जाणतो. ड्रिलच्या कोनाचा मुद्दाही योग्य आहे. तो उपाय कोणी करू नये. माझा एक प्रश्न आहे. आटे जाम होऊ नयेत म्हणून आमच्याकडे नट लावताना ऑइल किंवा ग्रीस लावण्याचा प्रघात आहे. तो बरोबर आहे का?

उद्यमनगर_लेथ

दादा, पिकअप आणि मोटारींसाठी उत्तर नाही असे आहे, कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असेल तरच अपवाद. आवळण्याच्या जोरापैकी सुमारे दहा टक्के जोर स्टड ताणण्याच्या कामी येतो. निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात. पुस्तिकेतील आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेला असतो. ऑइल लावले की घर्षण घटते आणि त्याच आकड्यावर स्टड कितीतरी अधिक ताणला जातो, प्रसंगी कायमचा लांबतो. लांबलेला स्टड पुढे तो दाब देऊ शकत नाही.

मालमोटारींच्या सपाट वॉशरच्या दोन भागांच्या नटाला वॉशर आणि नट यांच्या मधल्या सांध्यात ऑइलचे थेंब देण्याची शिफारस काही उत्पादक करतात. तेथेही चाकाच्या आणि हबच्या तोंडाला तेलाचा स्पर्श होऊ नये. आट्यांना तारेचा ब्रश मारावा, हबच्या तोंडावरचा गंज खरवडावा आणि चाकाच्या मागील बाजूस रंगाचा जाड थर असेल तर तो काढावा. रंग दाबाखाली पातळ होत जातो आणि तेवढा ताण सुटतो.

मिऱ्याबंदर_फेरी

मी रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला मासळी आणतो. बर्फाचे खारे पाणी सतत चाकांवर ठिबकत असल्यामुळे उघड्या तोंडाच्या नटांतून स्टडची टोके गंजतात, म्हणून मी बंद तोंडाचे नट वापरतो. मात्र त्यात एक पथ्य आहे. स्टड लांब असेल तर त्याचे टोक नटाच्या आतल्या टोपीला भिडते आणि चाक दाबले जाण्यापूर्वीच नट घट्ट वाटतो. बंद नट घेण्यापूर्वी त्याची आतली खोली काडीने मोजावी आणि चाकाबाहेर आलेल्या स्टडच्या लांबीशी ताडून पाहावी. रंगीत अॅल्युमिनियमचे नट ओझ्याच्या गाडीला लावू नयेत; त्यांचे आटे लवकर झिजतात.

ताराराणी_चौक

कागदोपत्री बाजूही पाहावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांविषयी तरतूद आहे, आणि चाक-टायरचे माप मूळ नोंदीपासून दूर गेले तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. रिमसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे, म्हणून चाकावर आयएसआय खूण शोधावी. त्याशिवाय चाकाच्या पाठीवर कमाल भार किलोग्रॅममध्ये कोरलेला असतो. मागच्या अॅक्सलला जितके कमाल वजन चालते, त्याच्या निम्म्याहून तो कमी असेल तर चाक कितीही देखणे असले तरी घेऊ नये. मोटारीसाठी तयार केलेली चाके केवळ भोके जुळतात म्हणून पिकअपवर चढवलेली मी पाहिली आहेत.

कळंबेकर_शेती

भार पाहून घेतला, तो पुरेसा आहे. आता आवळण्याच्या पद्धतीविषयी कोणी नेमके सांगेल का? टायरच्या दुकानात सगळीकडे हवेची गनच दिसते.

शिरोली_नाका

गनने नट उतरवण्यास हरकत नाही. बसवताना प्रत्येक नट आधी हाताने, निदान चार-पाच फेरे लावावा, म्हणजे आटा तिरका चढत नाही. चाक हवेत असतानाच समोरासमोरचे नट अशा क्रमाने बेताचे आवळावेत, म्हणजे शंकू आपापल्या जागी बसतात. नंतर गाडी जमिनीवर उतरवून टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) त्याच क्रमाने पुस्तिकेतील आकड्यापर्यंत न्यावे. १२ मिमीच्या स्टडसाठी तो आकडा बहुधा १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच वापरावा.

नवे चाक आणि नवे नट थोडे बसतात, म्हणून ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासणे आवश्यक आहे. आपल्या बाबतीत गगनबावड्याची एक जाऊन-येऊन फेरी झाली की ते अंतर होते. मात्र घाट उतरून आल्याआल्या रेंच लावू नका. ब्रेकच्या उष्णतेने हब आणि चाक तापून फुगलेले असतात आणि मोजमाप फसते. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, सकाळी तपासा.

ऊस_आणि_रस्ता

तपासून झाल्यावर प्रत्येक नटापासून चाकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नट हलला की रेघ मोडलेली दिसते आणि चालकाला चहाच्या थांब्यावर नुसत्या नजरेने ते कळते. नटाच्या भोवती गंजाचे लालसर ओघळ दिसले, तरी तेथे हालचाल होत आहे असे समजून लगेच रेंच लावावा.

कळंबेकर_शेती

ठरले. एम १२ × १.५, ६० अंशांचे, पोलादी, बंद तोंडाचे चोवीस नट आणि चार रिंगा मागवल्या आहेत. मिऱ्याबंदर यांनी सांगितल्याप्रमाणे खोली आधी मोजून घेतली. ब्लूची परीक्षा उद्यमनगरकरांच्या देखरेखीखाली करण्याची इच्छा आहे. त्यांनी वेळ दिल्यास उपकार होतील. एकच शंका उरली आहे. चोरीच्या भीतीने दर चाकाला एक कुलपाचा नट लावावा का?

उद्यमनगर_लेथ

अवश्य या, दुपारी दोननंतर मी मोकळा असतो. कुलपाचा नट लावण्यास हरकत नाही, पण त्याचीही बैठक ६० अंशांचीच आहे ना, हे तपासा आणि त्यावर हवेची गन कधीही लावू देऊ नका. त्याच्या किल्लीचे दात नाजूक असतात. किल्ली गाडीतच ठेवा, घरी नको.

जुनी_जीप

स्टेपनीचा विचार झाला आहे का? ती जुन्याच कंपनीच्या चाकाची राहणार असेल, तर नवे शंकूचे नट तिला चालणार नाहीत. कंपनीचे सहा नट पिशवीत घालून जॅकजवळ ठेवा आणि पिशवीवर तसे लिहून ठेवा, कारण टायर बदलणारा माणूस दर वेळी आपणच असू असे नाही. स्टेपनी अठरा इंची आणि रस्त्यावरची चाके सतरा इंची असतील, तर टायरचा बाहेरील घेरही जुळतो का ते पाहा. कंपनीच्या नटाला २१ मिमीचा पाना लागतो. नव्या नटांचे माप वेगळे निघाले, तर त्याचाही पाना त्याच पिशवीत हवा.

कळंबेकर_शेती

हे माझ्या लक्षातच आले नसते. सध्या स्टेपनी जुनीच ठेवतो, पिशवी आजच तयार करतो आणि घेर मोजून येथे कळवतो.